पांढरी ज्वारी, पिवळी कोंबडी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात कोंबडीच्या त्वचारंगाचा व त्याच्या मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना

कृषी इतिहासाच्या अभ्यासात रंगाचा विचार बहुधा प्रतवारीच्या निमित्ताने येतो. कापसाची शुभ्रता, गुळाच्या ढेपेचा सोनेरीपणा, ज्वारीच्या दाण्याचे मोत्यासारखे पाणी यांवर मराठवाड्याच्या आडत बाजारात पिढ्यान्‌पिढ्या भाव ठरत आले. कोंबडीच्या कातडीचा रंग हा अशा प्रतवारीचा विषय होऊ शकतो, ही कल्पना मात्र परभणीच्या वाचकास काहीशी चमत्कारिक वाटेल. कारण उघड आहे. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर वा गंगाखेड येथील दुकानात ब्रॉयलर कोंबडी कापली जाते तेव्हा पिसांसह कातडेही सोलून टाकले जाते. जे फेकूनच द्यावयाचे त्याचा रंग कोण पाहणार?

असे असले तरी याच कातडीच्या रंगासाठी जगाच्या इतर भागांत विसाव्या शतकात मापनपट्ट्या तयार झाल्या, रासायनिक कसोट्या बसविल्या गेल्या, विद्युत रंगमापक यंत्रे आली आणि खाद्यात किती रंगद्रव्य घालावे याची कोष्टके छापली गेली. त्या सर्व व्यवहारातून कोंबडीच्या खाद्याचा जो नमुना घडला तो मका आणि सोयापेंड यांवर उभा होता व तो तसाच भारतात आला. परभणी हा ज्वारीचा जिल्हा. तेव्हा कोंबडीच्या त्वचारंगाचा इतिहास हा येथे अप्रत्यक्षपणे ज्वारीचाही इतिहास ठरतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. रंगाच्या निकषाने पौष्टिकतेच्या निकषात नकळत शिरकाव केला आणि त्याची काही किंमत कोरडवाहू ज्वारी उत्पादकास मोजावी लागली, हे येथे दाखवावयाचे आहे.

रंग येतो कोठून?

कोंबडी पिवळे रंगद्रव्य स्वतः निर्माण करू शकत नाही. तिच्या नळीचा, चोचीचा, कातडीखालील चरबीचा आणि अंड्यातील बलकाचा पिवळेपणा हा सर्वस्वी वनस्पतींतून येणाऱ्या झँथोफिल वर्गातील कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, मुख्यतः ल्युटीन व झिॲझँथिन यांचा असतो. अमेरिकेतील मिसूरी येथे लेरॉय पामर या रसायनशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास ही गोष्ट सिद्ध केली. पुढे १९१९ मध्ये त्याने आणि केंप्स्टर याने कॅरोटिनॉइडविरहित खाद्यावर कोंबड्या पिलापासून पूर्ण वाढीपर्यंत पोसून दाखविल्या. त्या कोंबड्या फिकट होत्या, परंतु वाढल्या आणि अंडी देऊ लागल्या. पिवळेपणा आणि पोषण या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा निष्कर्ष इतक्या लवकर हाती आलेला होता. पुढील विवेचनात तो वारंवार आठवावा लागणार आहे.

रंगद्रव्य खाद्यातून येत असले तरी ते कातडीत टिकेल की नाही हे आनुवंशिकतेवर अवलंबून असते, आणि येथे हा इतिहास आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोहोचतो. तांबड्या रानकोंबड्याची त्वचा पिवळी नसते. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ या एकाच प्रजातीत आहे असे मत मांडले होते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथच्या निरीक्षणांचा त्यास आधार होता. हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. मात्र २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे आढळले की, पिवळ्या त्वचेस कारण असणारा जनुकप्रकार बहुधा करड्या रानकोंबड्याकडून संकराद्वारे पाळीव कोंबडीत आला. हा करडा रानकोंबडा भारताच्या द्वीपकल्पीय भागाखेरीज अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. सह्याद्रीच्या जंगलांतून पहाटे ऐकू येणारी त्याची बांग महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

या जनुकाचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. बीटा-कॅरोटीन डायऑक्सिजनेज-२ हे विकर कॅरोटिनॉइडांचे विघटन करते. पांढऱ्या कातडीच्या कोंबडीत ते त्वचेतही कार्यरत असते, म्हणून कितीही पिवळे खाद्य घातले तरी रंग साठत नाही. पिवळ्या कातडीच्या कोंबडीत ते त्वचेपुरते मंदावलेले असते. हा गुण अप्रभावी असल्याने आई व बाप दोघांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाही. २०१४ मध्ये युरोपातील उत्खननांत सापडलेल्या कोंबड्यांच्या हाडांची जी जनुकीय तपासणी झाली, तीत हा जनुकप्रकार अगदीच क्वचित दिसला. म्हणजे पाश्चात्त्य कोंबडीचा सार्वत्रिक पिवळेपणा अलीकडच्या काही शतकांतील निवडीचा परिणाम आहे. ज्या पिवळेपणास आज आधुनिक ब्रॉयलरचे लक्षण समजतात त्याचे बीज दक्षिण आशियातील एका रानपक्ष्यात असावे, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

गावरान कोंबडीच्या नळ्या पिवळ्या, पांढुरक्या, निळसर-करड्या आणि हिरवट अशा अनेक रंगांच्या दिसतात. वरच्या थरात पिवळे रंगद्रव्य व खालच्या थरात काळे असेल तर नळी हिरवट दिसते, वरचा थर रंगहीन असेल तर निळसर. खेड्यातील अनुभवी बाई बाजारात कोंबडी घेताना तिचे पाय आधी पाहते. त्या पाहण्यात वय, प्रकृती आणि जात यांचा अंदाज एकत्र बांधलेला असतो. या प्रदेशात कोंबड्यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची परंपरा जुनी आहे. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणी चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात कोंबड्यांच्या झुंजीस राजाच्या विनोदांमध्ये स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

मोजमापाचा इतिहास

त्वचारंगाचे पहिले पद्धतशीर वाचन मांसासाठी झाले नाही, अंड्यांसाठी झाले. १९१५ मध्ये अमेरिकेतील ब्लेकस्ली व वॉर्नर यांनी अंडी देण्याची क्रिया आणि कातडीतील पिवळेपणा यांचा व्यस्त संबंध मांडला. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यातील रंगद्रव्य बलकाकडे वळते आणि शरीराचा रंग ठरावीक क्रमाने उतरत जातो. प्रथम गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, कानाच्या पाळीचा, चोचीचा आणि सर्वांत शेवटी नळीचा. अंडी थांबली की त्याच क्रमाने तो परत चढतो. कोणती कोंबडी कळपात ठेवावी व कोणती काढावी हे ठरविण्याची ही बिनखर्चाची पद्धत भारतीय पशुवैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही आली आणि कुक्कुटपालनाचे विद्यार्थी ती अद्याप शिकतात. कोंबडीचे पाय वाचणाऱ्या खेड्यातील बाईची विद्या आणि ही विद्या यांत फार अंतर नाही. फरक इतकाच की, एक छापली गेली.

१९३५ मध्ये हायमन व कार्व्हर यांनी बलकाच्या रंगासाठी क्रमांकित चकत्यांचे साधन तयार केले. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीचा पंधरा पात्यांचा रंगपंखा जगभर रूढ झाला. फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत पंधरा छटा असलेला हा पंखा बलकाशेजारी धरावयाचा आणि जुळणाऱ्या पात्याचा अंक लिहावयाचा. कातडी व नळीसाठीही याच धर्तीचे पंखे पुढे आले. जी कंपनी रंगद्रव्ये संश्लेषित करून विकत होती तिनेच रंग मोजण्याची पट्टीही बाजाराच्या हाती दिली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. मोजपट्टी आली की कमी-जास्त ठरते, कमी ठरले की उणीव भासते आणि उणीव भासली की औषध विकता येते.

डोळ्याने केलेल्या तुलनेत प्रकाश, पाहणाऱ्याचे वय व सवय यांमुळे फरक पडतो. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ मध्ये स्वीकारलेल्या तीन अक्षांच्या पद्धतीने हा प्रश्न बराचसा सुटला. या पद्धतीत ‘एल’ हा अंक उजळपणा दाखवितो आणि तो शून्य ते शंभर असतो. ‘ए’ हा हिरव्यापासून तांबड्याकडे, तर ‘बी’ हा निळ्यापासून पिवळ्याकडे जाणारा अक्ष आहे. हातात धरण्याजोगे रंगमापक कातडीवर टेकवून हे तिन्ही अंक क्षणात मिळतात, आणि ब्रॉयलरच्या पिवळेपणासाठी मुख्यतः ‘बी’ चा अंक पाहिला जातो. मोजमाप छातीवरील पिसे नसलेल्या पट्ट्यावर किंवा नळीवर करतात, जखम वा रक्त साकळलेली जागा टाळतात, एकाच ठिकाणी अनेक वाचने घेऊन सरासरी काढतात. यंत्र अचूक असले तरी जागा चुकली तर आकडा निरुपयोगी ठरतो.

कत्तलखान्यातील एक साधी पायरीही रंग बदलून टाकते. पिसे सैल करण्यासाठी पक्षी गरम पाण्यात बुचकळतात. पाणी सुमारे ५० ते ५३ अंश सेल्सियस असेल तर कातडीचा सर्वांत वरचा पिवळा पापुद्रा टिकतो. ते ५८ ते ६० अंशांवर गेले तर पापुद्रा पिसांबरोबर निघून जातो आणि आठवडेच्या आठवडे खाऊ घातलेला रंग काही सेकंदांत धुतला जातो. म्हणून पिवळ्या कोंबडीच्या बाजारात सौम्य तापमान आणि पांढऱ्या कोंबडीच्या बाजारात उष्ण तापमान असा भेद रूढ झाला.

रंगाची आवड देशोदेशी वेगळी आहे. मेक्सिकोत गडद पिवळी कोंबडी लागते, ब्रिटनमध्ये पांढरी चालते. अमेरिकेत फ्रँक पर्ड्यू या व्यावसायिकाने १९७० च्या दशकात आपल्या कोंबडीच्या सोनेरी रंगाची दूरचित्रवाणीवर जाहिरात केली आणि तो रंग आणण्यासाठी खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा वापर केला. पिवळी कोंबडी म्हणजे निरोगी, मक्यावर पोसलेली कोंबडी ही समजूत त्यातून दृढ झाली. तिच्यात काही तथ्य आहे. आतड्यातील कॉक्सिडिओसिस या रोगात शोषण बिघडून रंग उतरतो, आणि बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनमुळेही पक्षी फिकट पडतात. परंतु रंग बाहेरून घालता येऊ लागल्यावर लक्षण आणि प्रकृती यांची फारकत झाली. कँथॅझँथिन या संश्लेषित रंगद्रव्याच्या अतिसेवनाने मानवी नेत्रपटलावर स्फटिक साचू शकतात असे दिसून आल्यावर युरोपीय संघाने २००३ मध्ये ब्रॉयलरच्या खाद्यात त्याची कमाल मर्यादा किलोमागे २५ मिलिग्रॅम व अंड्याच्या कोंबडीसाठी ८ मिलिग्रॅम अशी ठरविली. रंगाच्या नियंत्रणावर नियंत्रण आणण्याची वेळ अशी आली.

पांढऱ्या दाण्याचा प्रदेश

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हिंगोली १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झाला. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काळ्या जमिनीचा हा पट्टा कापूस आणि ज्वारी यांचा. येथील माणसाचे अन्न म्हणजे भाकरी आणि भाकरीची प्रतिष्ठा तिच्या पांढरेपणात. मोहोळ येथे निवडलेला मालदांडी ३५-१ हा रब्बीचा वाण इतकी वर्षे टिकून राहिला तो धान्य व कडबा या दोहोंच्या गुणामुळे. त्याच्या टपोऱ्या, चमकदार दाण्याची शुभ्रता हा त्यातलाच एक भाग. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या अमेरिकी तांबड्या ‘मिलो’ ज्वारीची आठवण मराठवाड्यातील वृद्ध मंडळी अजून नाक मुरडून काढतात. पोट भरले, पण भाकरी तांबडी झाली याचा सल राहिला.

त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. पशुवैद्यक महाविद्यालयही येथे १९७२ पासूनचे. पुढे २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निर्माण झाल्यावर ते त्याकडे गेले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थाही १९७२ चीच. ज्वारी सुधारणेच्या या सर्व प्रयत्नांत दाण्याचा रंग हा निवडीचा निकष राहिला. ‘परभणी मोती’ या वाणाच्या नावातच ती अपेक्षा व्यक्त झाली आहे. लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये आला तेव्हा कोठे नावात रंगाऐवजी पोषण आले.

शुभ्र दाण्याचा अर्थ कुक्कुटखाद्याच्या दृष्टीने असा की, त्यात झँथोफिल जवळजवळ नसते. पिवळ्या मक्यात ते किलोमागे साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम असते. मक्याच्या ग्लुटेनमध्ये त्याच्या दहापटीहून अधिक, वाळविलेल्या लसूणघासातही भरपूर, आणि झेंडूच्या पाकळ्यांच्या भुकटीत तर हजारोंच्या घरात. माणसाने भाकरीसाठी शतकानुशतके जो गुण जोपासला तोच कोंबडीच्या खाद्यात अवगुण ठरला. एकाच दाण्याकडे भाकरी थापणारे हात पांढरेपणा मागतात आणि रंगपंखा धरणारे हात पिवळेपणा. हे दोन्ही एकाच वाणाने पुरविणे शक्य नव्हते.

ज्वारी कुक्कुटखाद्यातून मागे पडली ती केवळ रंगामुळे, असे म्हणणे धाडसाचे होईल. मका वर्षभर, मोठ्या प्रमाणात व एकसारख्या प्रतीचा मिळत असे; ज्वारीचा पुरवठा तुटक होता. १९६४ च्या सी.एस.एच.-१ पासून सुरू झालेल्या संकरित खरीप ज्वारीने उत्पादन वाढविले, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसे काळी पडत. परभणीच्या मोंढ्यात काळ्या ज्वारीचे ढीग हे ओल्या दिवाळीचे नेहमीचे दृश्य होते. बुरशी लागलेला दाणा कोंबडीस घालणे धोक्याचेच. तिसरे कारण टॅनिनचे. अमेरिकेतील तपकिरी ज्वारीत टॅनिन जास्त असल्याने पिलांची वाढ खुंटते, हे खरे. मात्र टॅनिन दाण्याच्या सालीखालील रंगीत थरात असते आणि भारतीय पांढऱ्या ज्वारीत तो थर नसतो. तांबड्या-तपकिरी धान्याविषयीचा इशारा सर्व ज्वारीस लागू केला गेला. पिवळेपणा नाही म्हणून पांढरी ज्वारी नको आणि टॅनिन आहे म्हणून ज्वारीच नको, अशा दोन परस्परविसंगत आक्षेपांत येथील पीक सापडले.

इक्रिसॅटने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहकार्याने, कॉमन फंड फॉर कमोडिटीज या संस्थेच्या अर्थसाहाय्यावर, २००५ मध्ये भारत, चीन व थायलंड येथे जो प्रकल्प सुरू केला त्याचा उद्देशच कुक्कुटखाद्यात ज्वारी व बाजरीचा वापर वाढवून लहान शेतकऱ्यास बाजार मिळवून देणे हा होता. परभणीचे कृषी विद्यापीठ त्यात सहभागी होते. शेतकऱ्यांचे गट बांधणे, दाणा वाळवून एकत्र साठविणे आणि खाद्यउत्पादकांशी त्यांची गाठ घालून देणे असा त्याचा व्यवहारी भाग होता. कमी टॅनिनच्या ज्वारीचे खाद्यमूल्य मक्याच्या सुमारे ९५ टक्के धरतात, प्रथिने किंचित अधिकच. उरतो तो रंग.

त्या उणिवेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. खाद्यात ६० टक्के मका असेल आणि मक्यात किलोमागे २० मिलिग्रॅम झँथोफिल धरले तर खाद्यात किलोमागे १२ मिलिग्रॅम येते. निम्मा मका काढून ज्वारी घातली तर ते ६ वर उतरते. म्हणजे एक टन खाद्यात ६ ग्रॅमची तूट. किलोत ६ ग्रॅम झँथोफिल असलेल्या झेंडूच्या भुकटीने ही तूट भरावयाची तर टनामागे एक किलो भुकटी लागते. पाकळ्यांतील ल्युटीन हे मेदाम्लांशी बद्ध असल्याने ते क्षाराने मुक्त केल्यावर शोषण सुधारते, हे लक्षात घेऊन प्रमाण थोडे वर-खाली होईल. तरीही एका संबंध पिकाला बाजाराबाहेर ठेवण्याइतकी ही तूट मोठी नाही, हे आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

झेंडू हे मूळ मेक्सिकोचे फूल. पोर्तुगिजांच्या काळात ते भारतात आले असे मानतात, आणि आज त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही. सणाच्या दिवशी शेकड्याने भाव खाणारी फुले दुसऱ्या दिवशी बाजारातच टाकून शेतकरी परत जातात, हे महाराष्ट्रात वारंवार पाहावे लागते. रंगद्रव्यासाठीच्या झेंडूचे गडद नारिंगी वाण वेगळे असतात आणि त्यांची कराराने लागवड कर्नाटक, तमिळनाडू व आंध्रात होते. तेथून अर्क काढून तो निर्यात होतो. मराठवाड्यात हा उद्योग रुजला नाही. दुसरी पिवळी वस्तू, हळद, मात्र जुन्या परभणी जिल्ह्याची ओळख होती. हळदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले वसमत आता हिंगोली जिल्ह्यात आहे. हळद खाऊ घातल्याने कोंबडी पिवळी होईल अशी एक भोळी समजूत आढळते. परंतु हळदीतील करक्युमिन हे कॅरोटिनॉइड नाही, ते फारसे शोषलेच जात नाही आणि त्वचेत रंग म्हणून साठत नाही.

कातडे सोलणारा बाजार

हळद कोंबडीला रंग देते ती बाहेरून. गावरान कोंबडी घरी कापली की पिसे उपटून, जाळावर धरून, हळद चोळून घ्यावयाची ही खेड्यातील रीत. अशा कोंबडीचे कातडे खाल्ले जाते, त्यातील चरबी रश्श्यावर तवंग होऊन येते, आणि तिचा रंग हा चवीचा भाग असतो. ब्रॉयलरबाबत ही रीत मोडली. पुण्यातील व्यंकटेश्वरा समूहाने, बी. व्ही. राव यांच्या नेतृत्वाखाली, कॉब या अमेरिकी वंशावळीवर आधारलेली ब्रॉयलर कोंबडी भारतात रूढ केली. त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. पिवळ्या कातडीची, पांढऱ्या पिसांची ही कोंबडी परभणीच्या चौकाचौकांत पोहोचली. पण विकण्याची पद्धत स्थानिक राहिली. जिवंत पक्षी तोलावयाचा, डोळ्यांदेखत कापावयाचा आणि वेळ वाचविण्यासाठी पिसांसकट कातडे ओढून काढावयाचे. गरम पाण्याचे तापमान, पापुद्रा, रंगमापक यांपैकी कशाचाच तेथे प्रश्न येत नाही.

ब्रॉयलरची वाढ आता बहुतांशी कराराने होते. पिले, खाद्य व औषधे कंपनी देते, शेड व श्रम शेतकऱ्याचे. मोबदला ठरतो तो वजन, मरतुक आणि खाद्याचे मांसात रूपांतर होण्याचे प्रमाण यांवर. त्वचेच्या रंगाचा रकाना त्या हिशेबात नसतो. म्हणजे ज्या गुणाची किंमत शेतकऱ्यास मिळत नाही, दुकानदार पाहत नाही आणि खाणारा खात नाही, त्याची तजवीज मक्याच्या रूपाने खाद्यात मात्र असते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे बाहेरून आलेल्या शिफारशींची येथील जेवणाशी सांगड न घातल्याचे उदाहरण आहे. महानगरांतील प्रक्रिया केलेल्या, कातडीसह विकल्या जाणाऱ्या मांसाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. अंड्यालाही पडत नाही. बलक सोलून टाकता येत नाही आणि फिकट बलकाविषयी ग्राहक तक्रार करतो. परंतु परभणीच्या चिकनच्या दुकानासाठी वाढणाऱ्या कोंबडीला रंगाच्या कारणास्तव ज्वारी नाकारण्याला कोणताही आधार दिसत नाही.

रंगाची मागणी येथे नाहीशी झाली असे मात्र नाही. ती पिसांत व पायांत गेली. बंगळूर कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ आणि हैदराबाद येथील कुक्कुट प्रकल्प संचालनालयाची ‘वनराजा’ या जाती मराठवाड्यातील परसात रुजल्या. अधिक वजन व अधिक अंडी यांबरोबरच त्यांची रंगीत पिसे गावरानाचा भास देतात आणि गावरानाचा भाव मिळवून देतात. या ओढीचे टोक म्हणजे कडकनाथ. झाबुआच्या या कोंबडीची कातडी, मांस व हाडेही काळी असतात आणि तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काळा रंग म्हणजे औषधी गुण, हे समीकरण इतके जोरकसपणे विकले गेले की, २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेल्या कडकनाथ गैरव्यवहारात राज्यभरच्या शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाली. तेथे रंग मोजण्याची गरज कोणास वाटली नाही. तो दिसत होता, तेवढे पुरेसे झाले.

रंगवाचनाचा एक उपयोग मात्र जिल्ह्याने गंभीरपणे अनुभवला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या अचानक मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. निदान प्रयोगशाळेतच होते, पण पहिली शंका घेण्याची वेळ पाळणाऱ्यावर येते. तुरा निळसर पडणे, नळीवर रक्ताचे ठिपके उमटणे ही या रोगाची दृश्य लक्षणे पशुवैद्यक सांगतात. बाजाराने सोलून टाकलेली कातडी शेडमध्ये अशी उपयोगी पडते.

मक्याचा भाव हा या प्रश्नाचा अलीकडचा पैलू. २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याची मागणी झपाट्याने वाढली आणि २०२४ मध्ये, एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताने तो मोठ्या प्रमाणावर आयात केला. कुक्कुटव्यवसायाने तुटलेला तांदूळ, बाजरी आणि ज्वारीकडे पुन्हा पाहण्यास सुरुवात केली. दरम्यान परभणीच्या खरिपात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतलेली आहे. २००७ मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्य तयार करणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन दिले तेव्हा काळ्या ज्वारीचा ग्राहक म्हणून आसवनी पुढे आली होती, आणि त्यावर मोठा वादही झाला होता. कोंबडी हा त्याहून सरळ ग्राहक. त्यासाठी दाणा कोरडा व बुरशीमुक्त राहील अशी वाळवण व साठवण गावपातळीवर हवी आणि खाद्यसूत्रात ऊर्जा, प्रथिने व रंग यांचे रकाने वेगवेगळे मांडावयास हवेत. परभणीत ज्वारीचे संशोधन एका विद्यापीठाकडे आणि कोंबडीचे दुसऱ्याकडे आहे. दोन्हींच्या आवारांत अंतर फारसे नाही. रब्बीची ज्वारी, मका आणि झेंडूची भुकटी यांची मिश्रणे परभणीच्या उन्हाळ्यात, येथील दुकानांत विकल्या जाणाऱ्या वजनापर्यंत वाढविलेल्या पक्ष्यांवर तपासणे, आणि कातडी सोलण्यापूर्वी तिच्या ‘बी’ अंकाची नोंद ठेवणे, हे काम दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकत्र हाती घेता येण्याजोगे आहे.